‘सरकारी वकील’ नव्हे, सरकारने दिलेला वकील

जिल्हा न्यायालयांच्या आवारात गेल्या काही वर्षांत एक नवी पाटी दिसू लागली आहे : ‘लोक अभिरक्षक कार्यालय’. नाव वाचून हे सुरक्षारक्षकांचं ऑफिस असावं असं कुणालाही वाटेल. आत डोकावलं तर काळे कोट घातलेले वकील, टेबलावर फायलींची चळत आणि दाराशी कुणाची तरी आई. हे वकील आरोपींच्या बाजूने लढतात. त्यांचं मानधन सरकारी पैशातून येतं, आरोपीकडून ते एक रुपयाही घेत नाहीत.

गोंधळ इथूनच सुरू होतो. दाराशी बसलेली आई विचारते, “सरकारी वकील इथंच बसतात ना?” कोर्टाच्या भाषेत सरकारी वकील म्हणजे तिच्या मुलाविरुद्ध खटला चालवणारा माणूस. तिला हवा असतो तो सरकारने दिलेला वकील. शब्दांतला हा घोटाळा सुटला तरी मनातली शंका सुटत नाही : पैसे सरकारचे, पोलीसही सरकारचे, मग हा माणूस माझ्या पोरासाठी जीव तोडून कशाला भांडेल? शंका रास्त आहे. तिच्याकडे येऊच. आधी हा वकील आला कुठून ते पाहू.

हक्क कागदावर होता, माणसापर्यंत कसा पोचला?

राज्यघटनेचं कलम २२(१) सांगतं की अटक झालेल्या माणसाला आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेता आला पाहिजे आणि त्याच्यामार्फत बचाव करता आला पाहिजे. वाचायला छान आहे. पण पसंतीच्या वकिलाची फी कुणी भरायची, यावर ते कलम गप्प आहे. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने कलम ३९-अ आणलं आणि मोफत कायदेविषयक साहाय्य ही राज्याची जबाबदारी ठरवली. तेही मार्गदर्शक तत्त्वांच्या भागात, म्हणजे ज्यावर थेट कोर्टात भांडता येत नाही तिथे.

त्यात जीव आला तो पुढच्या दहा वर्षांत. १९७८ च्या होसकोट विरुद्ध महाराष्ट्र या प्रकरणात अर्जदाराची शिक्षा भोगून झाली होती आणि निकालाची प्रतच वेळेवर हातात आली नाही, असं त्याचं म्हणणं होतं. त्याचा अर्ज फेटाळला गेला, पण कैद्याला निकालाची प्रत मोफत मिळाली पाहिजे आणि अपिलासाठी वकीलही, हे न्या. कृष्ण अय्यर यांनी त्या निमित्ताने ठणकावून सांगितलं. १९७९ मध्ये हुसेनआरा खातून प्रकरण आलं. बिहारच्या तुरुंगांत असे कच्चे कैदी सापडले की गुन्हा सिद्ध होऊन जास्तीत जास्त शिक्षा झाली असती, तरी ते केव्हाच बाहेर पडले असते. गरीब आरोपीला वकील मिळणं हा कलम २१ खालच्या जगण्याच्या आणि स्वातंत्र्याच्या हक्काचाच भाग आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने तेव्हा म्हटलं.

मग १९८१ मध्ये भागलपूरचं प्रकरण, जिथे कोठडीतल्या माणसांचे डोळे फोडले गेले होते. त्यांना वकील का दिला नाही? तर म्हणे, त्यांनी मागितला नाही! त्यावर न्यायालयाने दोन गोष्टी स्पष्ट केल्या. आरोपीला पहिल्यांदा दंडाधिकाऱ्यांसमोर उभं करतात त्या क्षणापासून हा हक्क सुरू होतो. आणि तो हक्क आहे हे आरोपीला सांगणं दंडाधिकाऱ्यांचं काम आहे. १९८६ च्या सुक दास प्रकरणात तर आरोपीला हे कुणी सांगितलंच नव्हतं म्हणून त्याची शिक्षा रद्द झाली.

मोफत वकील नक्की कुणाला?

विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा, पण तो लागू झाला ९ नोव्हेंबर १९९५ ला. त्याच्या कलम १२ मध्ये यादी आहे : स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग, औद्योगिक कामगार, आपत्तीत सापडलेले लोक, ठरावीक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेले, आणि कोठडीतली व्यक्ती. शेवटचे शब्द पुन्हा वाचा. जो कोठडीत आहे त्याला जात, लिंग, उत्पन्न यांपैकी कशाचीच अट नाही. उत्पन्नाचा दाखला आणा मग बघू, असं कोठडीतल्या माणसाच्या घरच्यांना कुणी सांगत असेल तर ते चूक आहे.

देशातल्या तुरुंगांत २०२२ च्या अखेरीला ५,७३,२२० कैदी होते. त्यातले ४,३४,३०२ कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा खटला अजून निकाली निघायचा आहे असे. दर चारांत तीन.

वकील नेमकं करतो काय?

एक उदाहरण घेऊ. समजा, वीस वर्षांच्या एका मुलाला मोबाइल हिसकावल्याच्या संशयावरून रात्री पकडलं. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०४ नुसार या गुन्ह्याला कमाल शिक्षा तीन वर्षं.

चोवीस तासांच्या आत त्याला दंडाधिकाऱ्यांसमोर आणतात. पोलीस कोठडी मागतात. ही सुनावणी पाहिली असेल तर माहीत असेल, अनेकदा ती चहा निवायच्या आत संपते. चांगला वकील तेवढ्यात तीन प्रश्न विचारतो. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात सरसकट अटक करायची नसते, मग इथे नोटीस देऊन का भागलं नाही? अटकेची कारणं लेखी दिली का, आणि ती याला समजणाऱ्या भाषेत होती का? (नोव्हेंबर २०२५ मध्ये वरळीच्या गाडी अपघात प्रकरणातून निघालेल्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे सगळ्याच गुन्ह्यांना लागू केलं. आधी तोंडी सांगितलं असलं तरी रिमांडसाठी उभं करण्याच्या किमान दोन तास आधी लेखी कारणं हातात पडली पाहिजेत.) आणि तिसरा प्रश्न : कोठडीत आणखी काय शोधायचं शिल्लक आहे?

पुढचा टप्पा कॅलेंडरचा. अशा गुन्ह्यात साठ दिवसांत पोलिसांनी दोषारोपपत्र दाखल केलं नाही तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो, पुरावा कसा का असेना. पण हा हक्क आपोआप गळ्यात पडत नाही, तो मागावा लागतो. एकसष्टाव्या दिवशी सकाळी वकिलाने अर्ज केला तर मुलगा सुटतो. वकील त्या दिवशी दुसऱ्या कोर्टात अडकला, किंवा त्याच्या डायरीत ती तारीखच नव्हती, आणि दुपारी दोषारोपपत्र आलं, तर हक्क गेला. इथे वक्तृत्व लागत नाही. दिवस मोजता यावे लागतात, आणि कुणीतरी ते मोजत बसावं लागतं.

जामीन मंजूर झाला तरी जामीनदार मिळत नाही म्हणून माणसं आत राहतात. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की जामिनाचा आदेश तुरुंगाला ईमेलने लगेच जावा, सात दिवसांत कैदी सुटला नाही तर तुरुंग अधीक्षकांनी विधी सेवा प्राधिकरणाला कळवावं, आणि महिनाभरात जामीनदार मिळाला नाही तर अटी सैल करता येतील का याचा कोर्टाने विचार करावा. हा आदेश माहीत असलेला वकील आणि माहीत नसलेला वकील यांच्यामधलं अंतर त्या मुलाच्या दृष्टीने काही महिन्यांचं असू शकतं.

आणि मग उलटतपासणी. सिनेमात ती टेबलावर मूठ आपटून होते. खऱ्या कोर्टात ती फार हळू आणि बरीचशी कंटाळवाणी असते. आपल्या उदाहरणातल्या फिर्यादीने पोलिसांना दिलेल्या जबाबात म्हटलंय, ‘अंधार असल्याने चेहरा नीट दिसला नाही.’ कोर्टात तो म्हणतो, “मी चेहरा स्पष्ट पाहिला. हाच तो.” नवखा वकील इथे खूश होतो आणि शेवटच्या युक्तिवादात सांगू म्हणून खाली बसतो. तिथेच तो फसतो. पोलिसांसमोरचा जबाब हा स्वतः पुरावा नसतो. त्यातली विसंगती कोर्टाने विचारात घ्यावी, तर आधी साक्षीदाराला ते नेमकं वाक्य दाखवून विचारावं लागतं :

“अंधार असल्याने चेहरा नीट दिसला नाही, असं तुम्ही पोलिसांना सांगितलंत?”

“नाही.”

“तुमच्या जबाबात तसं का लिहिलंय?”

“मला सांगता येणार नाही.”

त्या वाक्याला ‘पोर्शन मार्क ए’ अशी खूण पडते. तरी काम अर्धंच झालेलं असतं. काही महिन्यांनी तपासी अंमलदार साक्षीला आला की त्याच्याकडून वदवून घ्यावं लागतं की फिर्यादीने सांगितलं तसंच मी लिहून घेतलं. आता ती विसंगती सिद्ध झाली. मधला एक टाका सुटला की सगळी शिवण उसवते, आणि अपिलात मग काही करता येत नाही, कारण जे रेकॉर्डवरच आलं नाही ते वरचं कोर्ट वाचणार कुठून?

मोठा वकील असूनही ही शिवण चुकलेली अनेकांनी पाहिली असेल, आणि तालुक्याच्या कोर्टातल्या एखाद्या अबोल वकिलाने ती लीलया घातलेलीही. फीचा आणि या कसबाचा संबंध वाटतो तितका सरळ नाही.

वकील होता, बचाव नव्हता

मध्य प्रदेशातल्या खंडव्याचं अनोखीलाल प्रकरण या संदर्भात प्रत्येक कायदा महाविद्यालयात शिकवायला हवं. २०१३ साली एका लहान मुलीवर अत्याचार करून तिचा खून झाला. आरोपीला विधी सेवेतून वकील मिळाला, आणि मिळाला त्याच दिवशी दोषनिश्चिती झाली. दोषनिश्चिती म्हणजे कोणत्या आरोपांवर खटला चालणार हे ठरणं. वकिलाने कागदपत्रं वाचून ‘यात हा आरोप बसतच नाही’ असं सांगायची ती पहिली मोठी संधी. ज्या वकिलाला सकाळी फाइल मिळाली तो दुपारी काय सांगणार? पंधरवड्याच्या आत साक्षीपुरावे संपून फाशीची शिक्षा झाली.

कागदावर सगळं बरोबर होतं. वकील होता, त्याची सही होती, त्याने उलटतपासणीही घेतली होती.

डिसेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही शिक्षा रद्द करून खटला पहिल्यापासून चालवायला सांगितलं आणि देशभरासाठी नियम घालून दिले. जन्मठेप किंवा फाशी होऊ शकेल अशा खटल्यात किमान दहा वर्षं वकिली केलेल्यालाच नेमावं. तयारीला पुरेसा वेळ द्यावा, साधारण सात दिवस तरी. वकिलाला आरोपीशी भेटून बोलू द्यावं. हा शेवटचा नियम सांगावा लागला यातच सगळं आलं. डॉक्टर मिळाला असं म्हणायला त्याने नाडी तरी पाहायला हवी.

फेरखटल्यात त्याला पुन्हा फाशी झाली, उच्च न्यायालयाने तीही रद्द करून प्रकरण परत पाठवलं, आणि मार्च २०२४ मध्ये खंडव्याच्याच न्यायालयाने त्याला निर्दोष सोडलं. अकरा वर्षं गेली होती.

‘लोक अभिरक्षक’ आल्याने काय बदललं?

आधीची पद्धत पॅनेलची होती. विधी सेवा प्राधिकरणाच्या यादीवर खासगी वकील असत, त्यांना दर प्रकरणामागे ठरावीक आणि तुटपुंजे पैसे मिळत. त्यात निष्ठेने काम करणारे पुष्कळ होते आणि आहेत. पण सकाळी अकराला फी देणाऱ्या पक्षकाराचं काम एका कोर्टात आणि विधी सेवेचं दुसऱ्या कोर्टात पुकारलं गेलं तर वकील कुठे धावेल, हे सांगायला ज्योतिषी नको.

२०२२ मध्ये राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने नवी योजना आणली. जिल्ह्याच्या ठिकाणी पूर्णवेळ बचाव वकिलांचं कार्यालय. त्यांना दरमहा मानधन, आणि खासगी प्रकरणं घ्यायला बंदी. मुख्य लोक अभिरक्षकाला किमान दहा वर्षांचा फौजदारी अनुभव आणि सत्र न्यायालयातले किमान तीस खटले चालवलेले असावे लागतात. त्याच्या हाताखालच्या उपमुख्य अभिरक्षकाला सात वर्षांचा अनुभव, आणि सहायक म्हणून तीन वर्षांपर्यंतची वकिली झालेली तरुण मंडळी. पॅनेल अजून आहेच, दिवाणी आणि इतर कामांसाठी.

मला या योजनेतली सगळ्यात मोलाची गोष्ट मानधन वाटत नाही, ही उतरंड वाटते. डॉक्टरला शेवटच्या परीक्षेनंतर वर्षभर इंटर्नशिप सक्तीची असते. वकिलाला नाही. वकिली सुरू करण्याआधी वर्षभर उमेदवारी करावी, असा नियम बार कौन्सिलने १९९५ मध्ये केला होता, तो १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवला. आज पदवी, सनद आणि कायद्यांची (टिपांशिवायची) मूळ पुस्तकं समोर ठेवून देता येणारी बार परीक्षा एवढ्यावर कुणीही खुनाच्या खटल्यात वकीलपत्र दाखल करू शकतो. शिकायचं ते एखाद्या ज्येष्ठाच्या चेंबरमध्ये, आणि त्या चेंबरमध्ये शिरकाव ओळखीवर. लोक अभिरक्षक कार्यालयात तीच उमेदवारी पगारी झाली. सहायकाने शवविच्छेदन अहवाल कसा वाचायचा, पंचनाम्यातली वेळ आणि स्टेशन डायरीतली वेळ का जुळवून पाहायची, ओळख परेडच्या आधी आरोपीचा चेहरा झाकला होता का हे कुणाला विचारायचं, हे व्याख्यानातून येत नाही. शेजारी बसून येतं. व्याख्यानं भरपूर होतात, खोटा साक्षीदार उभा करून उलटतपासणीचा सराव मात्र फार कमी ठिकाणी होतो. खरी गरज त्याची आहे.

पण पैसे सरकारचे, मग निष्ठा कुणाची?

आता त्या आईच्या शंकेकडे. हे वकील गृह खात्याच्या हाताखाली नाहीत. त्यांना विधी सेवा प्राधिकरण नेमतं, आणि जिल्ह्यात त्याचे अध्यक्ष प्रमुख जिल्हा न्यायाधीश असतात. पोलिसांची नाराजी ओढवली म्हणून या वकिलाची बदली होणार नाही.

दुसरी बाजूही सांगायला हवी. नेमणूक कंत्राटी आहे. ज्या न्यायाधीशांसमोर हा वकील “साहेब, माझी हरकत नोंदवून घ्या” म्हणणार, तेच त्या प्राधिकरणाचे अध्यक्ष. बहुतेक न्यायाधीश याचा राग धरणार नाहीत. पण कंत्राट संपत आलेल्या वकिलाची जीभ नकळत थोडी आखडेल का? योजनेतली ही फट बुजवलेली नाही, आणि ती बुजवायला हवी असं माझं मत आहे.

कसाबलासुद्धा वकील?

हा प्रश्न येतोच. हो, त्यालाही दिला, सत्र न्यायालयापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत. २०१२ च्या निकालात त्याची फाशी कायम झाली, आणि त्याच निकालात सर्वोच्च न्यायालयाने लिहिलं की मोफत वकिलाचा हक्क आरोपीला सांगण्यात दंडाधिकाऱ्याने कसूर केली तर त्याची खातेनिहाय चौकशी होऊ शकते.

पण त्या खटल्यात तीन आरोपी होते हे आपण विसरतो. उरलेल्या दोघांवर आरोप होता की त्यांनी हल्ल्याच्या जागांचे हाताने काढलेले नकाशे अतिरेक्यांपर्यंत पोचवले. गिरगाव चौपाटीजवळ मारल्या गेलेल्या अतिरेक्याच्या पँटच्या खिशात एक नकाशा मिळाला, असं पोलिसांचं म्हणणं. पँट रक्ताने भिजलेली. नकाशावर ना रक्ताचा डाग, ना नीटशी चुरगळ. या कागदावर विश्वास कसा ठेवायचा? दोघेही सुटले, आणि वरच्या दोन्ही न्यायालयांनी ती सुटका कायम ठेवली. त्यांच्यातल्या एकाचे वकील शाहिद आझमी यांचा फेब्रुवारी २०१० मध्ये, निकालाच्या तीन महिने आधी, कुर्ल्यातल्या त्यांच्या कार्यालयात गोळ्या घालून खून झाला.

‘या आरोपीचं वकीलपत्र कुणी घ्यायचं नाही’ असे ठराव वकील संघटना अजूनही करतात आणि पेपरात कौतुकाने छापूनही येतात. असे ठराव घटनेच्या आणि वकिली पेशाच्या विरुद्ध आहेत, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१० मध्येच सांगितलंय. आणि आरोपी दोषी आहे असं वकिलाचं स्वतःचं मत असलं तरी त्याने बचाव केला पाहिजे, हे बार कौन्सिलच्या नियमांतच लिहिलेलं आहे.

ज्याचं नुकसान झालं त्याचं काय?

हा आक्षेप मला सगळ्यात गंभीर वाटतो. आरोपीला एवढं सगळं, आणि ज्याच्या घरचं माणूस गेलं त्याला?

नाशिक जिल्ह्यात २००३ मध्ये एका कुटुंबावर दरोडा पडला. खून झाले, बलात्कार झाले. भटक्या जमातीतले सहा जण पकडले गेले. सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली, उच्च न्यायालयाने तिघांची जन्मठेपेवर आणली, २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सगळ्यांना फाशी दिली. मार्च २०१९ मध्ये त्याच सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडून प्रत्येकी पाच लाख भरपाई द्यायला सांगितली. कारणांपैकी एक असं : हल्ल्यातून वाचलेल्या साक्षीदाराने घटनेनंतर लगेच पोलिसांच्या फोटो अल्बममधून चार वेगळ्याच माणसांकडे बोट दाखवलं होतं. त्या चौघांचा पुढे तपासच झाला नाही.

सहा माणसांची सोळा वर्षं गेली. आणि त्या वाचलेल्या साक्षीदाराला काय मिळालं? अल्बममधले ते चार चेहरे कुणाचे होते हा प्रश्न खालच्या कोर्टातच कुणीतरी लावून धरायला हवा होता, आणि तो विचारला जाण्यात सगळ्यात जास्त हित त्याच कुटुंबाचं होतं.

रिमांडच्या वेळी काय म्हणायचं?

अर्ज लिहिता आला नाही तरी चालतं. उभं राहून एवढंच म्हणायचं : “साहेब, मला वकील नाही, मला मोफत वकील द्या.” दंडाधिकारी तिथेच विधी सेवेला कळवतात. घरच्यांनी तालुका विधी सेवा समितीत, जिल्हा प्राधिकरणात किंवा लोक अभिरक्षक कार्यालयात जावं, किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करावा. जाताना अटकेची तारीख आणि पोलीस ठाण्याचं नाव कागदावर लिहून न्यावं. वकील भेटला की त्याला पहिला प्रश्न विचारावा, साठावा दिवस कोणता. (दहा वर्षं किंवा त्याहून मोठी शिक्षा असलेल्या गुन्ह्यात नव्वदावा.) त्याने डायरी उघडून ती तारीख तुमच्यासमोर लिहिली, तर समजावं की फाइल कामाला लागली.